नकाशात सापडलेला डोंगर

नागपूरचा अजबबंगला लहानपणी पाहिला नाही असा वैदर्भीय माणूस विरळाच. १८६३ साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय. पेंढा भरलेले प्राणी, शिलालेख, नाणी, जुनी शस्त्रं बघत मुलं तिथं हिंडतात. भिंतीवर एखादा नकाशा टांगलेला असला तर त्याच्यापुढं सहसा कोणी थांबत नाही. मोठी माणसंही नाहीत. नकाशा म्हणजे शाळेत मार्क कापणारी वस्तू, ही आपली समजूत जन्मभर टिकते.

१९०३-०४च्या सुमाराला मात्र एक पारशी गृहस्थ तिथल्या एका नकाशापुढं थांबले. त्यांचं नाव दोराबजी टाटा. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव. नागपूर त्यांना परकं नव्हतं, एम्प्रेस मिल १८७७ पासून तिथंच चालू होती. पण त्या दिवशी ते गिरणीच्या कामाला आलेले नव्हते. चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना काढायचा वडिलांचा मनसुबा होता. त्यासाठी त्यांनी रान पालथं घातलं होतं, आणि आता तो नाद सोडत असल्याचं सरकारी साहेबांना सांगायला ते आले होते. साहेबांची भेट व्हायला अवकाश होता, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथं मध्य प्रांताचा भूस्तर दाखवणारा रंगीत नकाशा होता. नागपूरपासून सुमारे १४० मैल पूर्वेला, दुर्गच्या बाजूला, एक ठिपका गडद रंगवलेला होता. त्या रंगाचा अर्थ होता लोखंड.

ही गोष्ट आपल्याकडे नशिबाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मोठी माणसं मोकळ्या वेळात संग्रहालयात जातात आणि देशाचं भाग्य उजळतं, असा तिचा थाट असतो. पण ज्यानं उभी हयात बँकेत काढली त्याला कागदाखालची सही बघायची खोड लागलेली असते. नकाशा आपोआप रंगत नाही. दुर्गच्या त्या डोंगरांवर आधी कोणी तरी पायी चढलेलं असणार, दगड फोडून पाहिलेला असणार, वहीत टिपून ठेवलेलं असणार. तो माणूस कोण?

त्यांचं नाव प्रमथनाथ बोस. बोस म्हटलं की आपल्याला सुभाषबाबू आठवतात, मग जगदीशचंद्र, मग सत्येंद्रनाथ. हे चौथे बोस बंगालबाहेर अजूनही फारसे ओळखीचे नाहीत. जमशेदपुरात मात्र त्यांचा पुतळा आहे.

प्रमथनाथांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमधल्या गोबरडांग्याजवळच्या गाइपूर या खेड्यात झाला. शिक्षण आधी कृष्णनगरला, मग कलकत्त्याच्या सेंट झेवियर कॉलेजात. १८७४ साली त्यांना गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळाली आणि ते विलायतेला गेले. पुढं प्रफुल्लचंद्र राय गेले तेही याच शिष्यवृत्तीवर. लंडन विद्यापीठाची बी. एस्सी. झाल्यावर बोस रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये दाखल झाले. शिवालिक टेकड्यांतल्या मांसाहारी प्राण्यांच्या जीवाश्मांवरचा त्यांचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात १८८० साली छापून आला, तेव्हा ते पंचविशीचे होते.

लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांच्या सभांतून ते सडेतोड बोलत. या बोलक्या तरुणाला लौकर नोकरी देऊन मायदेशी धाडलेलं बरं, असा विचार इंडिया ऑफिसनं केला, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. ते काहीही असो, १८८० साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, म्हणजे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात, त्यांची वरच्या श्रेणीत नेमणूक झाली. त्या जागी बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याआधी काही हिंदी माणसं खात्यात होती, पण ती शिकाऊ किंवा मदतनीस म्हणून.

कलकत्त्यात त्यांचं स्वागत कसं झालं असेल? खात्याचे प्रमुख होते मेडलिकॉटसाहेब. ते स्वतः नामवंत भूवैज्ञानिक. पण निसर्गविज्ञानात हिंदी माणसाच्या हातून स्वतंत्र काम होणं अवघड, असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि ते त्यांनी लपवलेलंही नव्हतं. बोसांची नेमणूक लंडनहून झालेली असल्यामुळे त्यांचा इलाज चालला नाही. साहेबाच्या मनाविरुद्ध वरून आलेला माणूस म्हणजे काय, हे कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. अशा माणसाला दोनच वाटा असतात. एक तर भांडत बसायचं, नाही तर काम असं करायचं की बोट ठेवायला जागा उरू नये. बोसांनी दुसरी वाट धरली.

हे काम कसं चाले ते थोडं सांगायला हवं, कारण नकाशाची सगळी किंमत त्यातच आहे. पावसाळा संपला की खात्यातले अधिकारी आपापल्या मुलखात निघत. बरोबर तंबू, बैलगाड्या, नोकरचाकर, एक हातोडी, एक होकायंत्र, उतार मोजायचं एक साधन आणि मोजणी खात्यानं काढलेले गावांचे, नद्यांचे नकाशे. दिवसभर चालायचं. नाल्यात, कड्यावर, विहिरीच्या खोदाईत, जिथं जिथं उघडा खडक दिसेल तिथं थांबायचं, तुकडा फोडायचा, थर कुठल्या दिशेला जातो आणि किती कलला आहे ते मोजायचं, वहीत टिपायचं, नकाशावर खूण करायची. मग पुढचा नाला. दोन नाल्यांमध्ये मैलभर माती असते, तिच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. ते अंदाजानं जोडायचं. हा अंदाज म्हणजेच भूवैज्ञानिकाची अक्कल. उन्हाळा तापला की कलकत्त्याला परत येऊन अहवाल लिहायचा आणि नकाशात रंग भरायचे. एकेका खडकाला एकेक रंग.

अशा नकाशाचं शास्त्र तेव्हा तसं कोवळंच होतं. विल्यम स्मिथ नावाच्या एका कालवे मोजणाऱ्या माणसानं इंग्लंडचा असा पहिला मोठा नकाशा १८१५ साली छापला होता. आपल्या देशाचा जुना भूगर्भीय नकाशा १८५०च्या दशकात लंडनमध्ये तयार झाला. तो करणारे ग्रीनोसाहेब हिंदुस्थानात कधी आलेच नव्हते. इतरांनी लिहिलेले अहवाल, प्रवासवर्णनं जमवून त्यांनी घरबसल्या देश रंगवला. थोर काम, यात शंका नाही. पण घरबसल्या रंगवणं आणि पायानं तुडवून रंगवणं यात फरक राहतोच. १८५१ साली टॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली सर्वेक्षण खातं उभं राहिलं ते हा फरक भरून काढायला. आणि मुख्य म्हणजे रेल्वेसाठी कोळसा शोधायला! ज्ञानाची हौस सरकारला होती, पण तिच्या मागं इंजिनाची भूकही होती.

बोसांना सुरुवातीला मिळालेला मोठा मुलूख नर्मदेच्या खालच्या खोऱ्यातला, निमावर ते कवांट. आपल्या खानदेशाच्या डोक्यावरचाच हा प्रदेश. बाघची लेणी आपल्याला माहीत असतात. त्याच बाघच्या आसपास समुद्रात तयार झालेला चुनखडक सापडतो, आणि त्यात शंखशिंपल्यांचे जीवाश्म. म्हणजे आज जिथं भिल्लांची शेतं आहेत तिथवर एके काळी समुद्र आत आलेला होता. त्यावर नंतर आपला काळा कातळ, दख्खनचा लाव्हा, येऊन पसरला. या मुलखावरचा बोसांचा प्रबंध १८८४ साली खात्यानं छापला. नोकरीला चारच वर्षं झालेली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला शंभर वर्षं झाली, तेव्हा संस्थेच्या शतकभराच्या विज्ञानकार्याचा आढावा लिहायचं कामही त्यांच्याकडंच आलं.

मग छत्तीसगड. रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोहउद्योगावर त्यांचं टिपण १८८७ साली खात्याच्या नियतकालिकात आलं. दुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता, तो भाग रायपुरातच मोडे. त्या टिपणाचा विषय मला महत्त्वाचा वाटतो. तो नुसता खनिजाचा नव्हता, उद्योगाचा होता. म्हणजे तिथं उद्योग होता! मध्य प्रांताच्या जंगलांत अगरिया आणि त्यांच्यासारखे लोक पुरुषभर उंचीच्याही नसलेल्या मातीच्या भट्ट्यांत, लाकडी कोळशावर, पायानं भाता चालवून पिढ्यान् पिढ्या लोखंड काढत आले होते. कोणत्या डोंगराचा दगड जड आहे हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. गावांच्या नावांतच ते ज्ञान साठलेलं होतं. चांदा जिल्ह्यातल्या त्या जागेचं नाव लोहारा, आणि दुर्गकडच्या जमीनदारीचं नाव डोंडी-लोहारा. बोसांनी धल्ली आणि राजहरा या डोंगरांचं लोखंड अहवालात नोंदवलं, म्हणजे लोहारांच्या तोंडी असलेली गोष्ट सरकारी कागदावर आणली. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर जे धन सगळ्या गावाला ठाऊक होतं त्याचा सातबारा तयार झाला.

आणि तो सातबारा पंधरा-सोळा वर्षं पडून राहिला. विलायतेहून लोखंड येत होतं, सरकारला घाई नव्हती, आणि इकडं भांडवलवाल्यांपैकी असले अहवाल वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले एक जमशेटजी. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. तेव्हापासून लोहारा हे नाव त्यांच्या डोक्यात बसलं होतं. जवळ वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण होती. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीत लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही.

नोकरीच्या काळात काही वर्षं मी चंद्रपूर जिल्ह्यात होतो. शेतकऱ्यांच्या विहिरींची कर्जं मंजूर करताना भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला जोडलेला असे. जमिनीखाली काय आहे हे आम्हा कोणालाच दिसत नव्हतं. शेतकऱ्याला नाही, मला नाही, मुख्य कचेरीला तर नाहीच. एका भूवैज्ञानिकाच्या सहीवर आम्ही लोकांचे पैसे पाताळात सोडत होतो. बोसांच्या कामाकडं बघताना मला त्या दाखल्यांची आठवण येते. त्या सहीमागं किती चाल असते, हे बँकेतल्या खुर्चीवर बसून कळत नसे.

बोसांची चाल थांबली नव्हती. जबलपूरकडचं मँगनीज, दार्जिलिंगकडचा कोळसा, सिक्कीममधलं तांबं, ब्रह्मदेशातला तेनासरिम, असे त्यांचे मुलूख बदलत राहिले. आणि उरलेल्या वेळात हा माणूस लिहीत होता. हिंदुस्थानात तांत्रिक शिक्षण सुरू झाल्याशिवाय गती नाही, हे सांगणारी त्यांची पुस्तिका १८८६ची. ब्रिटिश अमदानीतल्या हिंदू संस्कृतीचा त्यांचा तीन खंडांतला इतिहास १८९४ ते ९६ या काळात निघाला. घरातलं वातावरणही तसंच होतं. १८८२ साली त्यांचं लग्न झालं ते कमला दत्त यांच्याशी. त्या रमेशचंद्र दत्त यांच्या कन्या. दत्त म्हणजे हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहिणारे, १८९९च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष, पुढं बडोद्याचे दिवाण. १९०९ साली त्यांचा अंत झाला तोही बडोद्यालाच. मराठी माणसाला त्यांची आणखी एक ओळख सांगायला हवी. ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही शिवाजीमहाराजांच्या काळावरची बंगाली कादंबरी त्यांचीच. सासरे देशाची संपत्ती बाहेर कशी जाते याचा हिशेब मांडत होते आणि जावई ती जमिनीत कुठं कुठं आहे ते शोधत होते. अशी जोडी मला दुसरी माहीत नाही.

१९०३ साल उजाडलं. खात्याच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. बोसांची नोकरी तेवीस वर्षांची. ती जागा मिळाली टॉमस हॉलंड यांना, जे खात्यात १८९० साली आले होते. सेवेनं दहा वर्षांनी लहान, वयानं तेरा वर्षांनी. हॉलंड सामान्य होते असं म्हणता येणार नाही. दक्षिणेतल्या एका खडकाचं त्यांनी केलेलं वर्णन आजही शिकवलं जातं. कलकत्त्याचा संस्थापक जॉब चार्नॉक याच्या थडग्याचा दगड त्याच जातीचा, म्हणून त्यांनी त्या खडकाला चार्नॉकाइट असं नाव दिलं. गुणवत्तेला तोटा नव्हता. पण गुणवत्ता फक्त एकाच रंगाच्या कातडीखाली सापडते, हा योगायोग त्या काळी फार वेळा घडत असे. सर्वेक्षणाच्या प्रमुखपदी पहिला हिंदी माणूस, एम. एस. कृष्णन, बसला तो १९५१ साली. म्हणजे स्वराज्य आल्यावरही चार वर्षांनी.

बढतीत डावललं जाणं काय असतं ते मी जवळून पाहिलं आहे. माझ्या एका वरिष्ठांना सलग दोनदा मागं ठेवलं गेलं. आधी ते कमी बोलू लागले, मग उशिरा येऊ लागले, आणि निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात पडण्यापूर्वीच निघून गेले. नोकरी सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं, मुलींची लग्नं व्हायची होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मोठं कुटुंब असताना, बोसांनी सरळ निवृत्ती पत्करली आणि ते बाहेर पडले. मोठ्या आवाजात तक्रार न करता माणूस उठून जातो, तेव्हा त्या जाण्यालाच आवाज असतो.

ते गेले मयूरभंजला. ओरिसातलं हे संस्थान, महाराजांचं नाव श्रीरामचंद्र भंजदेव. आपल्या राज्यात कोणती खनिजं आहेत हे महाराजांना नीट तपासून हवं होतं आणि त्यासाठी बोस संस्थानचे भूवैज्ञानिक झाले. पुन्हा तंबू, हातोडी, वही. पन्नाशीकडं झुकलेला माणूस पुन्हा डोंगर चढू लागला. गोरुमहिसानीच्या डोंगरात त्यांना जे दिसलं ते पाहून त्यांच्यासारखा मुरलेला माणूसही चकित झाला असेल. उच्च प्रतीच्या लोहखनिजाचे डोंगरच्या डोंगर, आणि तेही बरंचसं उघड्यावर. धल्ली-राजहराला जे होतं तेच इथंही होतं. पण एका बाबतीत ही जागा सरस होती. बंगालच्या कोळशाचा पट्टा इथून जवळ होता.

२४ फेब्रुवारी १९०४ रोजी बोसांनी जमशेटजी टाटांना पत्र लिहिलं. मयूरभंजात उत्तम लोखंड आहे आणि झरियाचा कोळसा हाताशी आहे, असा त्याचा आशय. हे पत्र हिंदुस्थानच्या उद्योगाच्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पत्र असेल. पण त्याला फार काव्यमय करायचं कारण नाही. संस्थानच्या नोकराचं ते कर्तव्यच होतं. खनिज सापडलं की ते काढणारा शोधायचा. पण कोणाला लिहायचं हे ठरवायला मात्र तेवीस वर्षांचा अनुभव लागतो. विलायती कंपन्यांना लिहिता आलं असतं. त्यांनी मुंबईला लिहिलं.

आता दोन धागे एकत्र येतात. अजबबंगल्यातला नकाशा पाहून दोराबजींनी वेल्ड या अमेरिकन तज्ज्ञाला दुर्गकडं नेलं होतं. बरोबर शापुरजी सकलातवालाही होते, जमशेटजींचे भाचे. (हेच सकलातवाला पुढं विलायतेत कम्युनिस्ट झाले आणि १९२२ साली बॅटर्सीतून पार्लमेंटात निवडून गेले. लोखंड शोधायला गेलेला माणूस काय घेऊन परतेल सांगता येत नाही.) पायाखालचा डोंगर चालताना धातूसारखा वाजतो असा अनुभव त्यांना तिथं आला. खनिजात साठ टक्क्यांहून अधिक लोखंड. तरीही अडचण उरलीच. कारखान्याला लोखंडाचा दगड लागतो तसा कोळसा लागतो, चुनखडक लागतो, आणि पाणी तर नदीभर लागतं. यातलं एक जरी दूर असलं तर वाहतुकीचं भाडं सगळा नफा खाऊन टाकतं. धल्ली-राजहराला डोंगर होता पण योग्य कोळसा आणि पुरेसं पाणी जवळ नव्हतं. बोसांच्या पत्रानं हा तिढा सोडवला. एकाच माणसाचं जुनं काम टाटांना अर्ध्या वाटेपर्यंत घेऊन आलं आणि त्याच माणसाच्या नव्या कामानं उरलेली वाट दाखवली. हे टाटांच्या मंडळींच्याही लक्षात यायला वेळ लागला असेल.

जमशेटजींना यातलं फळ दिसलं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत नाउहाइम इथं त्यांचा अंत झाला. पुढचं दोराबजींनी निभावलं. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. लंडनच्या बाजारानं पैसे द्यायला हात आखडता घेतला होता, म्हणून भांडवल इथंच उभारायचं ठरलं. स्वदेशीचे दिवस होते. मुंबईत कंपनीच्या कचेरीपुढं सकाळपासून रांगा लागल्या आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सगळं भांडवल भरलं, १६ लाख ३० हजार पौंडांचं. खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी घेतले. जिथं अजून चिमणी उभी नाही अशा कारखान्यावर घरच्या पुंज्या लावणारी ही माणसं कशाच्या भरवशावर पैसे देत होती? टाटांच्या नावावर, हे खरंच. पण टाटांचा भरवसा कशावर होता, तर रंगवलेल्या कागदावर. सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळ साकची या गावी कारखाना उभा राहिला. डिसेंबर १९११मध्ये लोखंड वाहिलं, फेब्रुवारी १९१२मध्ये पोलाद. १९१९ साली गावाचं नाव जमशेदपूर झालं.

साकची आणि आसपासच्या गावांत संथाळ, हो, भूमिज लोक राहत होते. ते नकाशावर नव्हते. खडकाचे रंग दाखवणाऱ्या नकाशावर माणसं दाखवायची पद्धत नसते, आणि हा त्या शास्त्राचा दोष म्हणता येत नाही. पण तो नकाशा हातात घेऊन जे येतात त्यांचं लक्ष मग रंगांवरच राहतं. गोरुमहिसानीचं स्वामित्वधन महाराजांना मिळालं. त्या डोंगराच्या दगडातून स्वतः लोखंड काढणाऱ्यांच्या भट्ट्या एकेक करून विझल्या.

कारखाना उभा राहत होता तेव्हा बोस दुसऱ्याच उद्योगात होते. १९०६ साली बंगालच्या स्वदेशी चळवळीतून बेंगॉल टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं, आणि त्याचे पहिले प्राचार्य झाले प्रमथनाथ बोस. वीस वर्षांपूर्वी पुस्तिकेत मागितलेली शाळा अखेर त्यांच्याच हाती आली. आजचं जादवपूर विद्यापीठ त्याच रोपट्याचं झाड.

इथवर त्यांचं आयुष्य सरळ रेषेत चाललेलं दिसतं. पुढं ते वळतं, आणि मला ते तिथंच सर्वांत जवळचं वाटतं. रांचीला घर करून राहिलेल्या बोसांना उतारवयात यंत्रयुगाबद्दलच शंका वाटू लागल्या. १९१६ साली त्यांचं नव्या हिंदुस्थानच्या भ्रमांवरचं पुस्तक निघालं. पाश्चात्त्य पद्धतीचं औद्योगिकीकरण हे गरिबीवरचं औषध नाही, त्यातून गरजा वाढतात आणि माणूस शांत होत नाही, असा त्यांच्या लिखाणाचा सूर झाला. ज्यानं पोलादाची वाट दाखवली तोच त्या वाटेकडं पाठ करून बसला. त्यांच्या चाहत्यांना हे अवघड जातं. चरित्रं हा भाग घाईनं उरकतात. मला वाटतं, महायुद्धात पोलादाचा उपयोग कशासाठी झाला हे त्यांनी पाहिलं होतं, खाणींभोवती गावांचं काय होतं हेही पाहिलं होतं. आपल्या हातून घडलेल्या गोष्टीकडं म्हातारपणी डोळे उघडे ठेवून बघणारी माणसं थोडी. त्यांची सगळीच मतं मला पटत नाहीत. तांत्रिक शिक्षणासाठी झगडलेल्या माणसानं जुन्या संस्कृतीचं इतकं गुणगान करावं याचं नवलही वाटतं. पण ती मतं त्यांनी डोंगरासारखीच चढून मिळवलेली होती.

घरात मात्र नवं युग शिरलंच. १९०० साली जन्मलेले त्यांचे चिरंजीव मधू बोस सिनेमात गेले. सून साधना बोस त्या काळातली गाजलेली नर्तिका आणि नटी. ‘राजनर्तकी’ हा त्या दोघांचा चित्रपट १९४१ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोननं काढला, नायक पृथ्वीराज कपूर. जुन्या पिढीतल्या वाचकांच्या घरी साधना बोस हे नाव नक्की ऐकलेलं असेल, सासऱ्यांचं ऐकलेलं नसलं तरी.

प्रमथनाथ बोस २७ एप्रिल १९३४ रोजी रांचीला वारले. वय एकोणऐंशीला थोडे दिवस कमी.

त्यांचा पहिला डोंगर तेव्हाही तसाच उभा होता. टाटा मयूरभंजला गेले आणि अजबबंगल्यातल्या नकाशावरचा तो गडद ठिपका पुन्हा विसरला गेला. १९५५ साली रशियाच्या मदतीनं भिलाईला पोलाद कारखाना काढायचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिला लागणारा दगड आणायचा होता तो धल्ली-राजहराहून, बोसांच्या टिपणाला तेव्हा बहात्तर वर्षं झाली होती. तेव्हापासून तो डोंगर पायरी पायरीनं कापला जात आहे, आणि आता तिथलं चांगलं खनिज संपत आलं म्हणून भिलाईची नजर दक्षिणेच्या रावघाटवर आहे.